टॉवर नको, फिरतं यंत्र घ्या म्हणतात... पण आधी हिशोब करा!



छोट्या केमिकल युनिटवाल्यांसाठी व्हिडिओ केला, तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, आमच्याकडे सॉल्व्हंट वापरून खराब होतं. ते परत शुद्ध करायला डिस्टिलेशन कॉलम लागतो, पण शेड फक्त वीस फूट उंच आहे. आता म्हणे फिरणारं छोटं मशीन आलंय, माणसाच्या उंचीचं. ते घ्यावं का?"

प्रश्न चांगला आहे, कारण यात लाखो रुपये अडकणार आहेत. आणि विकणारा माणूस तुम्हाला यातली अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी आज आपण बघू. मी केमिकल इंजिनिअर नाही. माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे, बीबीए केलंय आणि धंद्याचा हिशोब शिकवतो. त्यामुळे यंत्राची गोष्ट आपल्या साध्या भाषेत सांगतो आणि शेवटी कागदावर आकडेमोड करून दाखवतो. पेन घेऊन बसा.

आधी मूळ गोष्ट: डिस्टिलेशन म्हणजे काय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे लांबून सांगायची गरज नाही. साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या मळीपासून स्पिरिट करणारी डिस्टिलरी आपण सगळ्यांनी पाहिलीय. मळी आंबवली की त्यात साधारण ८ ते १० टक्के अल्कोहोल तयार होतं, बाकी बहुतेक पाणीच. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि पाणी १०० अंशांना. उकळण्यातला हा फरक वापरून दोन्ही वेगळं करायचं, हेच डिस्टिलेशन.

पण एकदा उकळून काम भागत नाही. पहिल्या वाफेत अल्कोहोल वाढतं, पण पाणीही बरंच येतं. म्हणून ती वाफ थंड करायची, परत उकळायची, परत थंड करायची, असं पुन्हा पुन्हा करावं लागतं. उंच टॉवर हेच काम एका फटक्यात करतो. खालून वाफ वर चढते, वरून द्रव खाली उतरतो, मध्ये प्रत्येक मजल्यावर दोघांची गाठ पडते. प्रत्येक गाठीत हलका पदार्थ वाफेत जातो आणि जड पदार्थ द्रवात राहतो. मजले जास्त तेवढी शुद्धता जास्त.

टॉवर उंच का लागतो, याचं उत्तर इथेच आहे. द्रव खाली उतरतो तो फक्त पृथ्वीच्या ओढीनं. ती ओढ तेवढीच राहते, वाढवता येत नाही. वाफ जास्त जोरात सोडली तर द्रव खाली यायचाच थांबतो आणि टॉवर तुंबतो. त्याला ऑपरेटर लोक "फ्लडिंग झालं" म्हणतात. म्हणून टॉवर रुंदही ठेवावा लागतो आणि उंचही.

मग फिरवायची कल्पना आली कुठून?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत कॉलिन रॅमशॉ नावाचे इंजिनिअर होते. अंतराळात, म्हणजे जिथं गुरुत्वाकर्षण जवळपास नाही, तिथं रासायनिक प्रयोग केले तर काय होईल, असा विचार तेव्हा चालला होता. त्यातून लक्षात आलं की गुरुत्वाकर्षण नसेल तर वाफ आणि द्रव एकमेकांच्या विरुद्ध वाहणारच नाहीत, म्हणजे वेगळं करायचं काम बिघडेल. मग सरळ उलटा प्रश्न पडला: गुरुत्वाकर्षण शंभर पट वाढवलं तर?

पृथ्वी बदलता येत नाही, पण गोल फिरवता येतं. त्यातून आलं ते "हायजी" तंत्र, म्हणजे जास्त गुरुत्वाकर्षणाचं तंत्र. यंत्राचं नाव रोटेटिंग पॅक्ड बेड, धंद्यातले लोक आरपीबी म्हणतात. रॅमशॉ पुढे न्यूकॅसल विद्यापीठात प्राध्यापक झाले.

आतली रचना अशी. जाळीचा किंवा तारेचा भरगच्च गोल डबा असतो, मधे भोक, साधारण मेदूवड्यासारखा आकार. तो शाफ्टवर बसवून मोटरनं फिरवायचा. द्रव मधल्या भोकात फवारायचा. फिरण्याच्या जोरानं तो जाळीतून बाहेरच्या कडेला फेकला जातो. वाफ मात्र बाहेरच्या केसिंगमधून आत ढकलायची, ती मधल्या भोकाकडे येते. म्हणजे टॉवरमध्ये जे वर-खाली चालतं, ते इथे आत-बाहेर चालतं. जाळीतून फेकल्यामुळे द्रवाचे पातळ पडदे आणि बारीक थेंब होतात, वाफेशी गाठ पडायला भरपूर जागा मिळते, आणि एका फुटात टॉवरमधल्या कितीतरी फुटांचं काम होतं.

आकडा हवा? अर्धा मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरवला तर त्याच्या बाहेरच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २८० पट जोर तयार होतो. आतल्या बाजूला, केंद्रापासून १० सेंटिमीटरवर, तोच जोर ११० पटींच्या आसपास असतो. मोटरच्या दुकानात १,४४० आरपीएमची मोटर कुणीही देतो, म्हणजे वेग काही आकाशातला नाही.

एक मोठा गैरसमज इथेच काढून टाकू

आपल्याकडे फिरणारी यंत्रं ओळखीची आहेत. साखर कारखान्यात सेंट्रिफ्युगल असतं, ते मळीतून साखरेचे दाणे वेगळे काढतं. डेअरीत क्रीम सेपरेटर असतो, दुधातून साय काढतो. गुस्ताफ द लावाल यांनी तो १८७८ मध्ये बनवला आणि आज गोकुळ, वारणाच्या भागातल्या प्रत्येकाला तो माहीत आहे. त्यामुळे बरेच जण समजतात की सॉल्व्हंटचं फिरतं यंत्रही तसंच काम करतं. गरागरा फिरवलं की जड खाली आणि हलकं वर.

तसं नाही, भावांनो. दुधात सायीचे थेंब वेगळे असतात, मळीत साखरेचे दाणे वेगळे असतात. म्हणून नुसतं फिरवून वेगळे होतात. पण मिथेनॉल आणि पाणी एकमेकांत पूर्ण विरघळलेले असतात. त्यांना कितीही फिरवा, वेगळे होणार नाहीत. ते वेगळे होतात उकळण्यानं. फिरण्यामुळे फक्त वाफ आणि द्रव यांची गाठ चांगली पडते. म्हणजे हे यंत्र घेतलं तरी रिबॉयलर लागणार, कंडेन्सर लागणार, कूलिंग टॉवर लागणार, वाफ लागणार.

आता याच्यातून निघणारी सर्वात महत्त्वाची गोष्ट.

वाफेचं बिल कमी होत नाही

हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. विकणारा म्हणेल, "साहेब, मशीन लहान, खर्च लहान." जागेचा खर्च लहान होतो, हे खरं. वाफेचा होत नाही.

उदाहरण घेऊ. मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणातून १०० किलो शुद्ध मिथेनॉल काढायचंय. शुद्धता मिळावी म्हणून वर गेलेल्या वाफेतला काही भाग थंड करून परत आत सोडावा लागतो, त्याला रिफ्लक्स म्हणतात. समजा, बाहेर काढलेल्या प्रत्येक १ किलोमागे दीड किलो परत सोडायचंय. म्हणजे १०० किलो मिळवायला एकूण २५० किलो मिथेनॉलची वाफ करावी लागली. मिथेनॉलची १ किलो वाफ करायला सुमारे १,१०० किलोज्यूल उष्णता लागते. २५० गुणिले १,१०० म्हणजे २,७५,००० किलोज्यूल. बॉयलरची १ किलो वाफ साधारण २,१०० किलोज्यूल देते. म्हणजे सुमारे १३० किलो वाफ, आणि त्यात गळती, पाईपची उष्णता वाया जाणं हे अजून धरलेलं नाही.

आता हाच रिफ्लक्स ठेवून उंच टॉवर वापरा किंवा फिरतं यंत्र वापरा, १३० किलो ती १३० किलोच. उलट फिरत्या यंत्रात मोटरची वीज वरून जोडली जाते. म्हणून "बॉयलरचा खर्च अर्धा होईल" असं कुणी लिहून देत असेल, तर कशामुळे ते विचारा. रिफ्लक्स कमी लागणार असेल तर ते ट्रायलमध्ये दाखवू दे.

मग फायदा आहे तरी कुठे?

फायदा आहे, आणि खरा आहे.

पहिला, उंची. जो टॉवर दहा मीटरचा लागला असता, त्याचं काम माणसाच्या उंचीच्या आसपासच्या यंत्रात बसतं. एमआयडीसीतल्या साध्या शेडमध्ये छप्पर न फोडता काम होतं. स्टीलचा उंच सांगाडा, शिड्या, प्लॅटफॉर्म, पाया यांचा खर्च वाचतो. दुरुस्तीला फिटरला वर चढावं लागत नाही.

दुसरा, आत अडकलेला माल कमी. टॉवरमध्ये आणि त्याच्या खालच्या भांड्यात बरंच सॉल्व्हंट कायम भरलेलं असतं. फिरत्या यंत्रात ते फार थोडं असतं. ज्वालाग्राही माल शेडमध्ये कमी उभा राहिला, तर जोखीम तेवढी कमी.

तिसरा, सुरू होणं आणि माल बदलणं. मोठा टॉवर सुरू करून योग्य शुद्धतेपर्यंत यायला तास जातात. हे यंत्र त्या मानानं फार लवकर स्थिर होतं. आज एक सॉल्व्हंट, उद्या दुसरं, असं ज्यांचं काम आहे, त्यांच्यासाठी ही गोष्ट सोन्यासारखी आहे. लोटे परशुराम, महाड, कुरकुंभ, तारापूर या पट्ट्यात औषधांचे कच्चे घटक बनवणारी बरीच युनिट्स आहेत. त्यांना महिन्यात चार-पाच प्रकारची सॉल्व्हंट्स हाताळावी लागतात. त्यांनी या यंत्राकडे बघणं अगदी बरोबर आहे.

हे कुठे चालतंय?

"सर, हे नुसतं प्रयोगशाळेतलं नाही ना?" हाही प्रश्न असतो. नाही. चीननं हे सर्वात जास्त मनावर घेतलं. बीजिंगच्या केमिकल टेक्नॉलॉजी विद्यापीठात उच्च गुरुत्वाकर्षणावर स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. हांगझोऊच्या झेजियांग टेक्नॉलॉजी विद्यापीठात जी जियानबिंग यांच्या गटानं खास डिस्टिलेशनसाठी वेगळा प्रकार काढला, रोटेटिंग झिगझॅग बेड. मिथेनॉल, इथेनॉल, अ‍ॅसिटोन अशी सॉल्व्हंट्स परत मिळवायला त्यांची शेकडो यंत्रं चीनच्या औषध आणि केमिकल कारखान्यांत बसली. अमेरिकेत डाऊ केमिकलनं १९९९ मध्ये हायपोक्लोरस अ‍ॅसिड बनवताना फिरते बेड वापरले, ते काम डिस्टिलेशनचं नव्हतं, पण कारखान्याच्या मापाचं होतं.

आपल्या देशातही काम झालंय. आयआयटी कानपूरमध्ये प्राध्यापक डी. पी. राव यांच्या गटानं यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. जाळीच्या रिंगा वेगवेगळ्या करून शेजारच्या रिंगा उलटसुलट फिरवायच्या, म्हणजे वाफेची आणि द्रवाची गाठ आणखी चांगली पडते, ही कल्पना त्यांच्याकडची.

आणि महाराष्ट्राला डिस्टिलेशन काही नवीन नाही. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे जुनी यूडीसीटी, १९३३ पासून केमिकल इंजिनिअर घडवतेय. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज प्रमोद चौधरी यांनी १९८३ मध्ये सुरू केली, ती आज जगभर इथेनॉलचे प्लांट उभे करते. म्हणजे सल्ला घ्यायला लांब जायची गरज नाही. माणसं आपल्याच राज्यात आहेत.

एक प्रश्न मनात येईल: आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मग हे का नाही दिसत? कारण तिथं जागेची टंचाई नाही, एकच माल महिनोन्‌महिने चालतो आणि प्रमाण प्रचंड असतं. तिथं उभा, न फिरणारा, बेअरिंग नसलेला टॉवरच परवडतो. यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. कुणाच्या कामाला चांगलं, हा प्रश्न बरोबर.

फिरणारी तीन यंत्रं, तीन वेगळी कामं

कोटेशन मागवताना लोक नावात गोंधळ करतात आणि भलतंच मशीन गळ्यात पडतं. म्हणून फरक लक्षात ठेवा.

रोटरी इव्हॅपोरेटर: काचेचा गोल चंबू गरम पाण्यात तिरका फिरत असतो. स्वित्झर्लंडच्या ब्यूखी कंपनीनं १९५७ मध्ये तो बाजारात आणला. प्रयोगशाळेत आणि छोट्या बॅचला उत्तम. पण तो सॉल्व्हंट फक्त उडवून काढतो. दोन सॉल्व्हंट्स एकमेकांपासून नीट वेगळी करणं त्याचं काम नाही.

थिन फिल्म इव्हॅपोरेटर: उभ्या गरम नळकांड्यात आतून पाती फिरतात आणि द्रवाचा पातळ थर भिंतीवर पसरवतात. चिकट माल, रेझिन, गाळ, उष्णतेनं खराब होणारा माल यासाठी हे यंत्र. इथंही एकाच टप्प्यातलं काम होतं.

रोटेटिंग पॅक्ड बेड आणि झिगझॅग बेड: अनेक टप्प्यांचं खरं डिस्टिलेशन, म्हणजे टॉवरला पर्याय हाच. यातही एक बारकावा आहे. साध्या पॅक्ड बेडमध्ये पूर्ण रोटर फिरतो, त्यामुळे मध्येच माल सोडायची सोय करणं अवघड जातं. सलग डिस्टिलेशनला तर माल मध्येच सोडावा लागतो, म्हणून बरेचदा दोन यंत्रं लागतात. झिगझॅग बेडमध्ये एक चकती फिरते आणि एक स्थिर असते. स्थिर चकतीमुळे मध्ये माल सोडता येतो आणि एकाच शाफ्टवर दोन-तीन रोटर एकावर एक बसवता येतात. बदल्यात वीज आणि दाब जास्त लागतो.

आणि चौथी गोष्ट, जी न फिरणारी आहे: साधं भांडं, गरम करायची सोय आणि कंडेन्सर. तुमच्या थिनरमध्ये फक्त रंगाचा गाळ असेल आणि तो काढून धुलाईसाठी थिनर परत वापरायचं असेल, तर एवढंच पुरतं. माझ्या दुकानात थिनर नेणारे बरेच गिऱ्हाईक याच प्रकारात येतात. त्यांना झिगझॅग बेडची काडीचीही गरज नाही.

आपल्या फाउंड्रीवाल्यांनाही सांगतो. मोल्ड आणि कोअरवर लावायच्या कोटिंगमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल, आयपीए, वापरलं जातं. पण कोटिंग लावल्यावर ते पेटवून सुकवतात, म्हणजे अल्कोहोल तिथंच जळून जातं. परत मिळवायला काही उरतच नाही. तेव्हा "कोल्हापूरच्या फाउंड्रीसाठी सॉल्व्हंट रिकव्हरी" असं कुणी विकायला आलं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

जे कुठल्याच यंत्राला जमत नाही

काही जोड्या अशा असतात की एका टक्केवारीच्या पुढे डिस्टिलेशन थांबतंच. वाफेत आणि द्रवात दोघांचं प्रमाण सारखं होतं. इथेनॉल आणि पाणी वजनानं साधारण ९५.६ टक्क्यांवर अडतं. म्हणून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल करताना डिस्टिलेशननंतर मॉलिक्युलर सीव्ह लावावी लागते. आयपीए आणि पाणी तर ८८ टक्क्यांच्या आसपासच अडतं. तुम्हाला ९९ टक्के आयपीए हवं असेल, तर पुढे आणखी एक यंत्रणा लागेल, टॉवर घ्या किंवा फिरतं यंत्र घ्या. कोटेशनमध्ये ही पुढची यंत्रणा धरली आहे का, हे आधी बघा. बहुतेक वादाचं मूळ इथंच असतं.

आता कागदावर हिशोब

हे आकडे मी समजावण्यासाठी मानलेले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला. पद्धत हीच ठेवा.

समजा, महिन्याला ३,००० लिटर खराब सॉल्व्हंट निघतं. यंत्र त्यातलं ८५ टक्के परत देतं, म्हणजे २,५५० लिटर. नवीन सॉल्व्हंट ९० रुपये लिटर. वाचलेली खरेदी २,२९,५०० रुपये.

महिन्याचा खर्च:
वाफ आणि वीज, १२ रुपये लिटरप्रमाणे: ३६,००० रुपये
दोन ऑपरेटर: ४४,००० रुपये
सील, बेअरिंग, देखभाल: २५,००० रुपये
उरलेल्या ४५० लिटर गाळाची विल्हेवाट, २० रुपयांप्रमाणे: ९,००० रुपये
लॅब तपासणी: ६,००० रुपये
एकूण १,२०,००० रुपये.

शिल्लक दिसते १,०९,५०० रुपये. इथंच बरेच जण पेन खाली ठेवतात आणि बँकेत जातात. थांबा! हे खराब सॉल्व्हंट तुम्ही आज अधिकृत रिसायकलरला विकताय ना? समजा २५ रुपये लिटर मिळतात. ३,००० लिटरचे ७५,००० रुपये आता बंद होणार. मग खरा फायदा उरला ३४,५०० रुपये.

यंत्र, पाईपिंग, इलेक्ट्रिकल धरून ३० लाखांचं काम असेल, तर पैसे वसूल व्हायला ८७ महिने, म्हणजे सव्वासात वर्षं. ११ टक्क्यांनी कर्ज काढलं तर सुरुवातीला नुसतं व्याजच महिन्याला २७,५०० रुपये. नफा गेला बँकेला.

आता तेच यंत्र, पण खराब सॉल्व्हंट महिन्याला १०,००० लिटर. परत मिळाले ८,५०० लिटर, वाचली खरेदी ७,६५,००० रुपये. खर्च: वाफ-वीज १,२०,०००, तीन ऑपरेटर ६६,०००, देखभाल ३५,०००, गाळ ३०,०००, लॅब १०,०००. एकूण २,६१,००० रुपये. शिल्लक ५,०४,०००. त्यातून विक्रीचे बुडालेले २,५०,००० वजा करा. खरा फायदा २,५४,००० रुपये. ३० लाख वसूल होतात साधारण १२ महिन्यांत!

यंत्र तेच, भाव तेच. फरक फक्त लिटरचा. म्हणून मशीनच्या प्रदर्शनात जाण्याआधी गेल्या बारा महिन्यांची खराब सॉल्व्हंटची नोंद काढा. ती नोंदच नसेल, तर पहिली खरेदी वहीची करा, मशीनची नंतर.

एकट्याचे लिटर भरत नसतील, तर शेजारच्या चार युनिट्सनी मिळून करता येईल का, असंही लोक विचारतात. कल्पना चांगली, पण दुसऱ्याचा माल आणून शुद्ध केला की तुम्ही रिसायकलर ठरता. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं सॉल्व्हंट धोकादायक कचऱ्यात येतं, आणि ते घ्यायला, न्यायला, शुद्ध करायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची रीतसर परवानगी लागते. "आपापसात जमवू" हे इथं चालत नाही.

आगीचा विषय हसण्यावारी नेऊ नका

ज्या तापमानाला सॉल्व्हंटची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते, त्याला फ्लॅश पॉईंट म्हणतात. आयपीएचा सुमारे १२ अंश, टोल्युईनचा ४ अंश, अ‍ॅसिटोनचा तर शून्याखाली २० अंश. आपल्या कोल्हापूरच्या थंडीतल्या पहाटेही ही सॉल्व्हंट्स पेटायला तयारच असतात.

आणि इथं तुम्ही गरम सॉल्व्हंटच्या मध्ये फिरणारा शाफ्ट घालताय. शाफ्ट केसिंगमधून बाहेर येतो तिथं मेकॅनिकल सील असतं. ते सील गेलं की गरम वाफ थेट शेडमध्ये. टॉवरला ही अडचण नाही, कारण त्यात काही फिरतच नाही. तेव्हा फ्लेमप्रूफ मोटर, अर्थिंग, गॅस डिटेक्टर, नायट्रोजनची सोय, हे पर्याय म्हणून धरू नका, यंत्राच्या किमतीतच धरा.

लाईट गेल्यावर काय होतं, हेही विचारा. रोटर थांबला की आतलं वेगळं करण्याचं काम त्या क्षणी थांबतं, पण रिबॉयलर गरमच असतो. म्हणून रोटर थांबला किंवा कूलिंगचं पाणी बंद पडलं, तर वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप बंद झालाच पाहिजे. माणसानं धावत जाऊन बंद करायची व्यवस्था ही व्यवस्था नव्हे. साठवणुकीसाठी पेसोचे नियम, कारखान्यासाठी औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचे नियम, दोन्ही आधी तपासून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. नाहीतर क्लेमच्या वेळी तेच तुम्हाला विचारतील.

ऑर्डर देण्याआधी सात प्रश्न

१. माझं स्वतःचं दोनशे लिटर सॉल्व्हंट तुमच्याकडे ट्रायलला चालवून दाखवाल का?
२. शुद्धता, रिकव्हरी आणि ताशी लिटर, हे तिन्ही एकाच वेळी किती मिळेल? वेगवेगळे आकडे नकोत.
३. एक किलो मालामागे वाफ किती, वीज किती?
४. मालात गाळ किंवा चिकट पदार्थ असेल तर जाळी किती दिवसांत तुंबेल? फिल्टर कोण देणार?
५. सील किती तास टिकेल, नवीन किती दिवसांत मिळेल, बदलायला माणूस कुठून येणार?
६. रोटर बॅलन्सिंगचा रिपोर्ट आणि चालू असतानाचं कंपन लेखी द्याल का?
७. हेच सॉल्व्हंट चालवणारा एखादा जुना ग्राहक भेटवाल का?

उत्तरं तोंडी नकोत, पर्चेस ऑर्डरमध्ये लिहून घ्या. आणि शेवटचा मोठा हप्ता तुमच्या शेडमध्ये आकडे सिद्ध झाल्यावरच द्या. पाचव्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर तिथंच थांबा. बंद पडलेलं फिरतं यंत्र म्हणजे शेडमधला महागडा ड्रम.

आणि कोल्हापूरकरांनो, दुसऱ्या बाजूनंही बघा

आत्तापर्यंत आपण घेणाऱ्याच्या बाजूनं बोललो. पण या यंत्रात असतं काय? रोटर, शाफ्ट, केसिंग, बेअरिंग हाऊसिंग, सील, बॅलन्सिंग. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या वर्कशॉपना हे शब्द नवीन आहेत का? पंपाचे, इंजिनचे पार्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय. केमिकलचं गणित आपल्याकडे नसेल, पण मशिनिंगचा हात आहे. स्टेनलेस स्टीलचं अचूक काम, डायनॅमिक बॅलन्सिंगची सोय आणि तपासणीचे कागद नीट ठेवायची सवय असेल, तर अशी यंत्रं बनवणाऱ्यांसाठी जॉबवर्क करायची संधी आहे. त्याहून सोपी सुरुवात म्हणजे आधीच बसलेल्या फिरत्या यंत्रांचं बॅलन्सिंग आणि दुरुस्ती. वर पाचवा प्रश्न वाचलात ना? ज्याच्याकडे त्याचं उत्तर आहे, त्याला काम आहे.

घेणाऱ्यांनी या आठवड्यात एकच काम करा. गेल्या वर्षाचे खरेदीचे आणि खराब सॉल्व्हंट विकल्याचे चलन काढा, महिन्याचे लिटर लिहा आणि वरच्या हिशोबात घाला. उत्तर तीन वर्षांच्या आत आलं, तर ट्रायलची तारीख मागा. पुढे गेलं, तर रिसायकलरकडून दोन रुपये भाव वाढवून घ्यायचा प्रयत्न करा. ३,००० लिटरवर तेवढ्यातच महिन्याला ६,००० रुपये सुटतात, आणि त्यासाठी एकही बोल्ट घट्ट करावा लागत नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा!